वाल्याचा वाल्मीकी, पण वारुळासकट: ॲनिमेटेड सुपरहिरो मालिकेत खलनायक सुधारतो तो कसा

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. एका खुनाला एक खडा, असे सात रांजण भरले. मग नारद भेटले, त्यांनी विचारलं की या पापात घरचे वाटेकरी होतील का, वाल्याने घरी जाऊन विचारलं, घरच्यांनी कानावर हात ठेवले आणि वाल्याचे डोळे उघडले. पुढे अंगावर वारूळ चढेपर्यंत नामजप. सांगणारा नारदाचा प्रश्न रंगवून सांगतो आणि वारूळ एका वाक्यात उरकतो. ॲनिमेटेड सुपरहिरो मालिकांत खलनायकाच्या सुधारणेचं कथानक फसतं ते बहुतेक वेळा याच जागी. डोळे उघडण्याचा प्रसंग पावसात, विजांच्या कडकडाटात, व्हायोलिनच्या साथीने येतो. वारुळाला मात्र दीड मिनिटसुद्धा मिळत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. रांजणातले खडे बोलत नाहीत. वाल्याने मारलेल्या वाटसरूंपैकी एकाचीही बायको गोष्टीत येऊन विचारत नाही की माझं काय? मालिकेत ही सोय नसते. खलनायकाने ज्याचं घर जाळलं, तो दर आठवड्याला पडद्यावर असतो आणि प्रेक्षक पहिल्या सीझनपासून त्याच्या बाजूने असतात. म्हणून 'आता मी चांगला झालो' एवढं म्हणून इथे भागत नाही. कोणाचं काय देणं आहे आणि ते कसं फिटणार, याचा हिशेब लेखकाला मांडावा लागतो. या लेखात तो हिशेबच समजून घेऊ.

कीव वाटणं, बाजू बदलणं आणि सुधारणं

या तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते.

'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरीज'मधला 'हार्ट ऑफ आइस' हा १९९२चा भाग घ्या. मिस्टर फ्रीझ हे पात्र कॉमिकमध्ये १९५९ साली आलं, तेही 'मिस्टर झीरो' या नावाने, आणि पुढची कित्येक वर्षं ते बर्फाची बंदूक घेऊन फिरणारं एक गंमतीशीर प्रकरण होतं. या एका भागाने त्याला नोरा नावाची आजारी बायको दिली. तिला वाचवण्यासाठी चाललेला प्रयोग कंपनीच्या प्रमुखाने बंद पाडला, त्या झटापटीत अपघात झाला आणि फ्रीझ थंडीतच जगू शकणारा माणूस बनला. शेवटी तो कोठडीत बसून काचेच्या गोळ्यातल्या नर्तकीकडे बघत नोराची क्षमा मागतो. अवघ्या बावीस मिनिटांत पात्राचा कायापालट झाला आणि त्या पटकथेला एमी पुरस्कारही मिळाला.

पण नीट बघा. क्षमा कोणाची मागतो? नोराची. त्याच भागात पाय गोठलेल्या आपल्या साथीदाराला तो मागे टाकून निघून जातो; त्या साथीदाराचं नावही तो पुन्हा काढत नाही. आपल्याला फ्रीझची कीव येते, त्याचं दुःख कळतं, पण तो सुधारलेला नाही. आणि भागाचा तसा दावाही नाही, म्हणूनच तो इतका चोख उतरलाय. कारण कळलं की गुन्हा समजतो, फिटत नाही. पुष्कळ लेखक दुःखद बालपणाचा एक फ्लॅशबॅक दाखवून काम झालं असं समजतात. प्रत्यक्षात काम तिथे सुरू होतं.

बाजू बदलणं हा तर निव्वळ व्यवहार. मोठा राक्षस आला, दोघांनाही धोका आहे, म्हणून खलनायक चार भाग नायकासोबत लढतो. यात त्याची मतं तसूभरही बदललेली नसतात. मालिकेला हे फार सोयीचं असतं, कारण मारामारी चांगली होते आणि नंतर त्याला पुन्हा शत्रू करता येतं. यात चूक काहीच नाही, फक्त याला सुधारणा म्हणू नये.

सुधारणेसाठी चार गोष्टी लागतात. ज्या समजुतीमुळे तो वाईट वागत होता ती मोडली पाहिजे. ती मोडल्यावर त्याने स्वतःहून, काहीतरी गमावून, निवड केली पाहिजे. ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासमोर उभं राहिलं पाहिजे. आणि या सगळ्याला पडद्यावर वेळ मिळाला पाहिजे. चौथी गोष्ट सर्वांत साधी, आणि सगळ्यात आधी तिच्यावरच कात्री चालते.

मागितलेलं देऊन टाका

पटकथा लिहिणारे पात्राच्या बाबतीत तीन प्रश्न विचारतात. त्याला हवंय काय? त्याला खरी गरज कशाची आहे? आणि या दोहोंच्या मधे कोणती खोटी समजूत उभी आहे? खलनायकाच्या बाबतीत ही खोटी समजूत म्हणजे घराचा आधाराचा खांब. तो हलला नाही तर वरची रंगरंगोटी फुकट.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण काटेकोरपणे सुपरहिरो मालिकेतलं नाही, पण या विषयावर बोलताना ते टाळून पुढे जाताच येत नाही: 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'मधला झुको, हातांतून आग फेकू शकणारा राजपुत्र. २००५ ते २००८, तीन सीझन, ६१ भाग. युद्धाच्या बैठकीत तोंड उघडलं म्हणून बापाने तेराव्या वर्षी त्याचा चेहरा जाळला आणि हद्दपार केलं. त्याला हवा आहे अवतार, म्हणजे मालिकेचा नायक आंग. त्याला पकडून नेलं की मान परत मिळेल. गरज आहे आपली किंमत आपणच ठरवायला शिकण्याची. खोटी समजूत अशी की मान ही बापाने द्यायची वस्तू आहे.

आता लेखकांनी काय केलं ते पाहा. दुसऱ्या सीझनभर झुको हळूहळू माणसात येतो, काकासोबत चहाच्या दुकानात राबतो, प्रेक्षकांना वाटतं आता हा सुधारलाच. आणि सीझनच्या शेवटच्या, म्हणजे चाळिसाव्या भागात तो चुकीची बाजू घेतो. ज्या आयरो काकाने त्याला सांभाळलं त्यालाच दगा देतो. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला त्याला सगळं मिळालेलं असतं: राजवाडा, बापाची शाबासकी, युद्धाच्या बैठकीत बापाच्या उजव्या हाताची जागा. आणि तो तळमळतोय.

ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. खलनायकाला त्याचं ध्येय कधीच मिळालं नाही, तर त्याची समजूत खोटी होती हे सिद्ध होत नाही. तो फक्त हरलेला असतो. हरलेला माणूस सुधारला की प्रेक्षकांच्या मनात शंका राहते: जिंकला असता तर? म्हणून वळणाच्या आधी त्याला जिंकू द्यायचं. मागितलेलं सगळं ताटात वाढायचं आणि घास घशाखाली उतरत नाही हे दाखवायचं. मग तो जे सोडतो, ते खरंच हातात असलेलं सोडतो.

चाळिसाव्या भागातल्या दग्याचा आणखी एक फायदा. मधेच घसरलेला माणूस खरा वाटतो. पहिल्या संधीत सुधारणारा खलनायक लेखकाच्या सोयीसाठी सुधारल्यासारखा दिसतो.

वळण कुठे, आणि पुढे किती

झुको बापाला तोंडावर नाकारतो तो एक्कावन्नावा भाग. पुढे दहा उरतात. 'शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर' (२०१८ ते २०२०) या मालिकेचे एकूण ५२ भाग आहेत. त्यातली खलनायिका कॅट्रा आपला जीव धोक्यात घालून नायिकेच्या मैत्रिणीला, ग्लिमरला, शत्रूच्या यानातून निसटायला मदत करते तो पाचव्या सीझनचा तिसरा भाग, म्हणजे एकूण बेचाळिसावा. तिथेही पुढे दहाच उरतात. हा योगायोग असेल, पण प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे: चार-पंचमांश गोष्ट संपेपर्यंत वळण नाही, आणि वळणानंतर शिल्लक एक-पंचमांशाच्या आसपास. त्याआधी वळवलं तर मालिकेला चांगला शत्रू उरत नाही. शेवटच्या दोन भागांवर ढकललं तर देणी फेडायला जागा उरत नाही. २६ भागांची मालिका असेल तर विसाव्या-एकविसाव्या भागाच्या सुमारास. आठ भागांचा सीझन असेल तर एकाच सीझनमध्ये हे उरकायच्या फंदात पडूच नये.

जुन्या मालिकांत हे जमायचं नाही, त्यामागे धंद्याचं कारण आहे. टीव्हीवर भाग पुन्हापुन्हा आणि वाटेल त्या क्रमाने दाखवले जायचे. मंगळवारी सुधारलेला खलनायक बुधवारी जुन्या भागात बँक लुटताना दिसला तर मुलं गोंधळणार. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं जागच्या जागी परत ठेवायचं, हा दंडक. एकामागून एक सलग पाहिल्या जाणाऱ्या मालिका आल्या तशी लांब पल्ल्याची सुधारणा लिहिणं सोपं झालं.

एकेकाचं देणं वेगळं

झुकोच्या शेवटच्या दहा भागांतले पहिले पाच जवळून पाहू, कारण यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

बावन्नाव्या भागात तो नायकाच्या तळावर येतो. येण्याआधी एका बेडकासमोर भाषणाची तालीम करतो आणि ती तालीमही धड जमत नाही. मंडळी त्याला हाकलतात. आंगच्या मंडळींतली एकटी टॉफ त्याच्याशी बोलायला रात्री जाते, तर दचकून तो तिचेच पाय भाजतो. त्यातच त्याने पूर्वी सुपारी देऊन सोडलेला मारेकरी तिथे पोचतो. झुको आता थांब म्हणतो, मारेकरी ऐकत नाही. जुनं पाप नव्या मालकाचं ऐकत नाही, एवढी साधी गोष्ट, पण किती मालिका ती विसरतात. खलनायक सुधारला की त्याने लावलेल्या आगी आपोआप विझल्यासारख्या वागतात.

त्रेपन्नाव्या भागात तो आंगसोबत एकटा जातो. चोपन्न-पंचावन्नमध्ये आंगच्या साथीदारासोबत, सोक्कासोबत, त्याच्या बापाला तुरुंगातून सोडवायला. छप्पन्नाव्यात सोक्काच्या बहिणीबरोबर, कताराबरोबर, तिच्या आईच्या मारेकऱ्याच्या शोधात. प्रत्येकाशी वेगळा प्रवास, वेगळं देणं, फिटण्याचा वेगळा वेग. सगळ्यात उशिरा विरघळते ती कतारा. तिचा राग पटण्यासारखाच आहे: चाळिसाव्या भागात दगा देण्याआधी झुकोवर विश्वास टाकणारी तीच होती. ज्याने विश्वास टाकला त्याचं देणं सगळ्यात जास्त, हे गणित लेखकांनी नेमकं पकडलंय. (टॉफला तिच्या वाट्याची सहल मिळतच नाही, आणि ती पुढे तशी कुरकुरही करते. लेखकांना आपला आराखडा माहीत होता आणि त्याची थट्टा करण्याइतका आत्मविश्वासही होता.)

आयरो काकाची माफी तर आणखी मागे, शेवटच्या चार भागांत. झुको रात्रभर तंबूत बसून राहतो, शब्द जुळवतो, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत काका त्याला मिठीत ओढतो. हा प्रसंग इतका लागतो त्याचं कारण, आधी कतारासारखी खडूस हिशेबनीस येऊन गेलेली आहे. सगळ्यांनीच पहिल्या शब्दाला मिठी मारली असती तर या मिठीला काही किंमत उरली नसती.

लिहायला बसणाऱ्यांसाठी यातून निघणारी पद्धत सरळ आहे. एक तक्ता करा. डाव्या बाजूला खलनायकाने दुखावलेली सगळी नावं, सहायक पात्रंसुद्धा. पुढच्या रकान्यांत: नेमकं काय केलं, ते पडद्यावर दिसलं की नुसतं बोलण्यात आलं, त्या माणसाचं त्यामुळे रोजच्या जगण्यात काय बदललं, कशाने ते थोडंफार भरून निघेल, आणि कोणत्या भागात. 'कशाने भरून निघेल' हा रकाना एखाद्या नावासमोर कोरा राहिला तर राहू द्या. काही देणी फिटत नाहीत आणि ते माणूस माफ करत नाही, हेही उत्तरच आहे. पण 'कोणत्या भागात' हा रकाना कोरा राहिला, तर ती तक्त्यातली चूक आहे.

'पडद्यावर दिसलं की नाही' या रकान्याला विशेष वजन आहे. हजारो लोक मेल्याची बातमी आणि एका ओळखीच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू, यातला दुसराच प्रेक्षकांच्या लक्षात राहतो. अन्याय्य वाटलं तरी तसं होतं खरं. त्यामुळे सुधारायच्या खलनायकाच्या नावावर पडद्यावरचा कोणता गुन्हा टाकायचा हे पहिल्या सीझनमध्येच ठरवावं लागतं.

मरणाची पळवाट

सगळ्यात वापरला जाणारा मार्ग म्हणजे शेवटच्या लढाईत नायकासाठी जीव देणं. 'टीन टायटन्स'च्या दुसऱ्या सीझनमध्ये नायकांच्या चमूतली टेरा हेच करते: दगा, पश्चात्ताप, मग ज्वालामुखी थोपवताना तिचा दगड होतो. प्रसंग हृदयाला भिडतो. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं तर मेलेला ऋणको कोणालाच काही देत नाही. सोबत्यांना तिच्यावर ओरडायची संधी मिळत नाही आणि तिला रोज सकाळी त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. या मालिकेच्या लेखकांना हे जाणवलं असावं, कारण २००६ साली आलेल्या शेवटच्या भागात चमूतल्या बीस्ट बॉयला हुबेहूब टेरासारखी मुलगी भेटते आणि ती त्याला ओळखत नाही. म्हणजे बोलायचं राहून गेलेलं राहूनच जातं. बलिदान दाखवूनही त्याने काय सुटलं नाही हे सांगणारा असा शेवट क्वचित दिसतो.

बलिदान करायचंच असेल तर ते वळणाच्या जागी वापरा, शेवटाच्या जागी नव्हे. कॅट्राचं तसं आहे. ती ग्लिमरला सोडवते तेव्हा आपण वाचणार नाही असं तिला वाटत असतं. पण तिला वाचवलं जातं, आणि मग खरी पंचाईत सुरू होते: आता जगायचं कसं? सुटका झाल्यावरही ती फिस्कारते, तोडून बोलते, मदत नाकारते. पूर्वी जिला दगा दिला त्या एन्ट्रॅप्टाची माफी मागताना तिची जीभ अडखळते. बरं माणूस म्हणून मरण्यापेक्षा बरं माणूस म्हणून जगणं तिला अवघड जातं, आणि मालिका तिथेच रंगते.

गुन्हा फारच मोठा असेल तर

'इन्व्हिन्सिबल'मधला ओम्नी-मॅन, जगाच्या लेखी नायक, पहिल्याच भागाच्या शेवटी आपल्या सहकाऱ्यांची कत्तल करतो. आठव्या भागात तो स्वतःच्या मुलाला, मार्कला, भुयारी रेल्वेसमोर धरतो आणि गाडीतली माणसं त्या धडकेत चिरडली जातात. इथे 'कशाने भरून निघेल' हा रकाना भरण्याचा प्रयत्न करणंच हास्यास्पद ठरेल. २०२१च्या या पहिल्या सीझनमध्ये तो रडत पृथ्वी सोडून जातो, बस्स. दुसऱ्या सीझनमध्ये तो दूरच्या ग्रहावर नवं कुटुंब करून बसलेला सापडतो, आणि त्या सीझनच्या अखेरीला कैदेत असताना एवढंच कबूल करतो की आपल्याला बायकोची आठवण येते असं वाटतं.

दोन सीझन, आणि पदरात पडलं ते एवढं एक वाक्य. पण ते योग्य मापाचं आहे. खोटी समजूत होती की माणसं म्हणजे पाळीव प्राणी; त्या भिंतीला गेलेला हा पहिला तडा. मालिकेने याच काळात कॅमेरा डेबीवर, त्या बायकोवर, ठेवला: तिचं दारू पिणं, तिचा संताप, आणि नंतर नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातलं मूल तिनेच वाढवणं. मोठ्या गुन्ह्यासाठी नियम असा काढता येईल की गुन्हेगाराच्या पश्चात्तापाला जेवढी मिनिटं द्याल, त्याहून जास्त मिनिटं बळीला द्या. उलट झालं की प्रेक्षकांना वाटतं मालिका गुन्हेगाराची वकिली करतेय, आणि त्यांचं चुकत नाही.

'माय हिरो अकॅडेमिया'मधला एंडेव्हर आणखी वेगळा. तो कागदोपत्री नायक आहे, गुन्हे सगळे घरातले. त्याच्या मुलांची भूमिका एकसारखी नाही, आणि हे फार चांगलं केलंय: मुलीला घर पुन्हा जुळावंसं वाटतं, नात्सुओ माफ करायला तयार नाही, शोतोचं अजून ठरलेलं नाही. एंडेव्हर शेवटी कुटुंबासाठी नवं घर बांधायचं ठरवतो, ज्यात तो स्वतः राहणार नाही. परतफेड करणाऱ्याला बक्षीस म्हणून नातं परत मिळालंच पाहिजे असं नाही, हे एका घराच्या आराखड्यात सांगून झालं.

चित्रात दिसणारी सुधारणा

ॲनिमेशनमध्ये प्रत्येक गोष्ट कोणीतरी काढावी लागते. पात्राचं एक प्रमाण-चित्र असतं, सगळ्या बाजूंनी, सगळ्या हावभावांसकट, आणि शेकडो चित्रकार त्यावरून काम करतात. केस किंवा पोशाख बदलायचा म्हणजे हे सगळं नव्याने करायचं. खर्चिक काम, म्हणून ते उगाच होत नाही, आणि प्रेक्षकांनाही नकळत कळतं की काहीतरी बदललं. झुकोची पहिल्या सीझनमधली शेंडी दुसऱ्याच्या सुरुवातीला कापली जाते आणि पुढे केस वाढत कपाळावर येतात. डाग तोच, डोकं वेगळं.

सुपरहिरोच्या गोष्टीत याहून नामी साधन म्हणजे त्याची शक्ती. शक्ती ज्या भावनेवर चालत होती ती भावना गेली तर शक्तीचं काय होईल? झुकोच्या बाजू बदलण्यानंतर लगेच त्याची आग विझू लागते, कारण ती रागावर पेटत होती. त्याला आगीचा नवा उगम शोधावा लागतो. आतला बदल नुसता बोलण्यात न राहता बाहेर दिसतो, शिवाय त्याने काय गमावलं तेही कळतं. ज्याची शक्ती सुधारल्यावर आणखी वाढते, त्या खलनायकाकडे संशयाने बघावं.

आवाजाचं भान मात्र बऱ्याच जणांना राहत नाही. अशा मालिकांत सहसा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि चित्रं नंतर त्यावर बसवली जातात. सुधारलेल्या पात्राचा आवाज अचानक मवाळ केला तर तो दुसराच कोणी वाटतो. खवचटपणा ठेवा. टोमणे ठेवा. फक्त टोमण्यांचं लक्ष्य बदला. बऱ्याचदा ते तो स्वतःच होतो.

जिथे गाडी रुळावरून घसरते

'मिरॅक्युलस'मधली, नायिकेला छळणारी वर्गमैत्रीण क्लोई हे यावर वाद घालायला सर्वांत चांगलं उदाहरण. दुसऱ्या सीझनमध्ये तिच्या हाती शक्ती लागते आणि पहिलाच पराक्रम म्हणजे शाबासकी मिळवण्यासाठी ती स्वतःच आगगाडीच्या चालकाला थिजवून संकट उभं करते. त्यानंतर मात्र तिला नायिकांच्या रांगेत खरोखरची कामं मिळतात, तिचा एकटेपणा दिसतो. तिसऱ्या सीझनच्या शेवटी ती शत्रूला जाऊन मिळते आणि पुढे तर सरळसरळ खलनायिका होते. तत्त्वतः यात गैर काही नाही. कौतुकाची भूक ही तिची मुळातली गोष्ट होती, आणि ती कधी भागली नाही म्हणून ती घसरली, हे तर्काला धरून आहे. प्रत्येक खलनायकाने सुधारलंच पाहिजे असा दंडक थोडाच आहे! बिघडतं ते मधल्या खुणांमुळे. सुधारणेच्या वाटेवरचे इतके दगड लेखकांनी स्वतः मांडले की वाट दुसरीकडे वळल्यावर प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटलं. पेरलेलं उगवायला हवं, नाहीतर निदान ते कशाने करपलं हे तरी दिसायला हवं.

बाकीच्या चुका थोडक्यात. वळणाच्या आदल्याच भागात प्रथमच कळणारं दुःखद बालपण: ते पहिल्या चतुर्थांशात यायला हवं, म्हणजे मधल्या काळात प्रेक्षक ते माहीत असूनही त्याच्यावर चिडू शकतात. नायकाचं एक भाषण आणि खलनायकाचं मन वळलं: भाषणाने समजूत मोडत नाही, अनुभवाने मोडते; वाल्यालाही नारदाने उपदेश केला नाही, घरी पाठवलं. त्याहून दुष्ट कोणी आणून याचे गुन्हे फिके करणं. आणि सामूहिक माफी, म्हणजे नायकाने माफ केलं की सगळ्या गावाने केलं असं धरून चालणं. नायकाला स्वतःपुरतंच माफ करता येतं. दुसऱ्याचं कर्ज तो परस्पर कसं माफ करणार?

एक प्रसंग, दोन पद्धतींनी

समजा, आपल्या काल्पनिक मालिकेत कंपना नावाची खलनायिका आहे. ती जमीन हादरवू शकते. चौथ्या भागात तिने पूल पाडला आणि नायिकेच्या यंत्रज्ञ मित्राचा त्यात पाय गेला. मालिका २६ भागांची, वळण विसाव्यात.

वाईट पद्धत अशी. एकविसाव्या भागात कंपना त्याच्यासमोर गुडघे टेकते, डोळ्यांत पाणी. "मी बदललेय. मला माफ करशील?" तो क्षणभर थांबतो. हसतो. "आता तू आमच्यातलीच." लांबून दोघांची आकृती, सूर्यास्त.

दुसरी पद्धत. ती तळावर आल्यापासून तिच्या पावलांसरशी फरशी बारीक थरथरते. तिला कळतही नाही, जन्मापासूनची सवय. यंत्रज्ञाच्या टेबलावर पाण्याचा पेला असतो. ती खोलीत आली की पाण्यावर वर्तुळं उठतात आणि त्याचा हात टेबलाची कड घट्ट धरतो. एकविसाव्या भागात हे फक्त दाखवायचं, कोणी काही बोलत नाही. पाण्यातली चार वर्तुळं काढायला चित्रकाराला फारसे कष्टही पडत नाहीत. बाविसाव्यात ती हात बघते, मग पेला बघते. चोविसाव्यात ती दारापाशी चपला काढून, श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत येताना दिसते आणि खोलीच्या मध्यावर पोचेपर्यंत घामाघूम होते. शक्ती दाबून ठेवायला ती वापरण्यापेक्षा जास्त ताकद लागते. लढाईत त्या दिवशी ती कमी पडते आणि का ते कोणाला सांगत नाही.

पंचविसाव्या भागात ती एक सुटा भाग घेऊन त्याच्या टेबलापर्यंत येते. पाणी स्थिर. तो यंत्रातून मान वर न करता म्हणतो, "तिथे ठेव." ती ठेवते, जाते. त्याचा हात अजून टेबलाच्या कडेवरच आहे, फक्त बोटं सैल झालेली. सव्विसाव्या भागात त्यांचा एकत्र प्रसंगच नाही.